शनवार तेल्यांचे सण



परमुलखात राहणारी कुटुंबे आपले सणवार कसे पाळतात, या विषयावर आम्ही बोलावे अशी व्याख्यानमालेच्या चालकांची इच्छा आहे. हा विषय एखाद्या प्राध्यापकाचा. कामगारांची मागणीपत्रे लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने त्यात काय सांगावे, असे कोणास वाटेल. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले आणि उरलेले सार्वजनिक वाचनालयात. परंतु सणाचा संबंध देवाशी जितका आहे, तितकाच तो हजेरीपटाशीही आहे. आणि हजेरीपट आम्हांस वाचता येतो. त्या वाचनातून जे दिसले, तेवढेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

डोंबिवलीत आज असा वाडा, अशी इमारत क्वचितच सापडेल की जिच्यातले एखादे बिऱ्हाड अमेरिकेत, आखातात किंवा ऑस्ट्रेलियात नाही. गणपतीच्या दिवसांत या बिऱ्हाडांची छायाचित्रे येतात. चतुर्थी असते बुधवारी, आणि तिकडच्या मंडळाचा गणपती बसतो शनिवारी. घरातली वडील माणसे हळहळतात: "तिथी गेली, मग सणात राहिले काय?" ही हळहळ खोटी नव्हे. पण तिथी का गेली, हे विचारले पाहिजे. ती श्रद्धा आटल्यामुळे गेली नाही. बुधवारी रजा नव्हती म्हणून गेली. परमुलखात सण पाळणे याचा पहिला अर्थ दिवस मिळवणे हा आहे. मूर्ती, मोदक, आरती हे सारे त्यानंतर येते.

हे आम्ही आपल्या मनाने म्हणत नाही. याचा दाखला आपल्या ठाण्यातच आहे. टेंभी नाक्याच्या बाजूला 1879 साली बांधलेले एक प्रार्थनामंदिर उभे आहे. त्याचे नाव 'शार हाशामायिम', म्हणजे स्वर्गाचे द्वार. ते बेने इस्रायल लोकांचे. या लोकांनी परमुलखातले सण एकदा नव्हे, दोनदा वसवले. एकदा कोकणात, आणि दुसऱ्यांदा कोकणातून इस्रायलमध्ये. एका समाजाने हा उद्योग दोनदा केल्याचे उदाहरण सहसा मिळत नाही, म्हणून आम्ही तेच घेतो.

बेने इस्रायलांची परंपरा अशी सांगते की, त्यांचे पूर्वज फार प्राचीन काळी गलबतातून येत असता अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले, बहुतेक सारे बुडाले, आणि सात जोडपी वाचली. ही घटना कोणत्या शतकातली याविषयी विद्वानांत एकमत नाही, आणि त्या वादात आम्ही शिरत नाही. एवढे खरे की हा किनारा परक्यांना नवा नव्हता. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात आपल्या कल्याण बंदराचे नाव आहे, आणि सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने कल्याणात इराणहून नेमलेला ख्रिस्ती धर्मगुरू असल्याचे लिहून ठेवले आहे. कल्याण, चौल, सोपारे या बंदरांत जगभरची माणसे उतरत, आणि त्यांच्यामागून त्यांचे देव व सणही उतरत.

नवगावास उतरलेल्या या माणसांजवळ ग्रंथ राहिले नाहीत. हिब्रू भाषा हळूहळू गेली. घरात मराठी आली, अंगावर मराठी पेहराव आला, आणि आडनावे गावांवरून पडली: दिवेकर, केहिमकर, पेणकर, नवगावकर. धंदा त्यांनी तेलाच्या घाण्याचा धरला. गावकऱ्यांनी पाहिले की हे तेली इतरांसारखेच घाणा हाकतात, फक्त शनिवारी त्यांचा घाणा बंद असतो. म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनवार तेली'.

या नावापाशी आम्ही थोडे थांबतो. आपल्याकडे जातींना नावे पडली ती त्या काय करतात यावरून: तेल काढतो तो तेली, सूत विणतो तो कोष्टी. हे एक नाव असे आहे की माणूस कोणत्या दिवशी काम करीत नाही, यावरून ते पडले आहे. भाषा गेली, ग्रंथ गेले, देवळाची जागाही नव्हती. पण सुट्टीचा दिवस राहिला, आणि त्या एका दिवसाने समाज राहिला. पुढे कोचीनकडचा डेव्हिड राहाबी नावाचा यहुदी कोकणात आला. त्याने या लोकांना ओळखले ते या शनिवारावरून, सुंतेच्या विधीवरून, खवले व पर असलेलेच मासे खाण्याच्या रीतीवरून, आणि 'शमा' या एका प्रार्थनावचनावरून, अशी कथा आहे.

शनिवार टिकला, याचे एक कारण अगदी व्यवहारातले आहे. घाणा त्यांचा स्वतःचा होता. बैल त्यांचा, लाट त्यांची, गिऱ्हाईक गावातले. शुक्रवारी संध्याकाळी बैल सोडला तर विचारणारा कोणी मुकादम नव्हता. एक दिवसाचे उत्पन्न बुडे, ते सोसावे लागे. पण नोकरी जात नसे. ज्याच्या हाती हत्यार असते, त्याच्याच हाती वारही असतो.

याच्या उलट स्थिती मुंबईच्या गिरणी कामगारांची होती. कोकणातून आणि देशावरून आलेला हा माणूसही एका अर्थी परमुलखातच राहत होता. परंतु साचा मालकाचा, भोंगा मालकाचा, त्यामुळे आठवड्याचा एकही वार त्याचा नव्हता. 1848 साली ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारली, आणि त्यांच्या मागण्यांत आठवड्याच्या सुट्टीची मागणी अग्रभागी होती. रविवार हा खंडोबाचा वार, तो आमच्या माणसाला मोकळा हवा, असा युक्तिवाद त्यांनी केल्याचे सांगतात. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगारांची सभा झाली, आणि 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण सारे रविवारी जेवून आडवे होतो ती कोणाची कृपा नव्हे; भांडून मिळवलेला तो वार आहे. शनवार तेल्याने घाण्याच्या जोरावर जे राखले, ते गिरणी कामगाराला संघटनेच्या जोरावर मिळवावे लागले.

आता या लोकांच्या वर्षभराच्या सणांकडे वळू. हाईम सॅम्युएल केहिमकर या बेने इस्रायल गृहस्थांनी आपल्या समाजाचा इतिहास 1897 साली लिहिला. तो छापून आला 1937 साली. त्यात जुन्या सणांची नावे आहेत, ती ऐकण्यासारखी आहेत. वर्षारंभाला यहुदी लोक 'रोश हाशाना' म्हणतात. बेने इस्रायल म्हणत 'नव्याचा सण'. पुढे येई 'खिरीचा सण'. प्रायश्चित्ताचा उपास, ज्याला 'योम किप्पूर' म्हणतात, तो 'दारफाळणीचा सण'. कारण त्या दिवशी घराची दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून, बाहेरच्या कोणाशी संबंध न ठेवता दिवस काढीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण': दारे उघडावी, एकमेकांकडे जावे, गोरगरिबांस द्यावे. 'पूरिम' हा 'होळीचा सण'. 'पेसाह' म्हणजे खमीर वर्ज्य करण्याचा सण. त्याचे नाव 'अनाशी ढाकाचा सण', कारण आंबट कालवणाचे 'अनास' म्हणून जे भांडे घरात असे, ते त्या दिवसांत झाकून ठेवीत. आणि जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले त्या शोकाच्या दिवसाचे नाव 'बिरड्याचा सण', कारण त्या दिवशी वालाचे बिरडे खावयाचे.

जेरुसलेमच्या मंदिराचा शोक अलिबागच्या वालांनी पाळावयाचा, हे ऐकून हसू येण्याचा संभव आहे. पण विचार केला म्हणजे यातली सोय ध्यानात येते. मंदिर कोणी पाडले, किती साली पाडले, हे लक्षात ठेवायला ग्रंथ लागतो. अमुक दिवशी वाल भिजत घालावयाचे, मोड आणावयाचे आणि दुसरे काही करावयाचे नाही, हे लक्षात ठेवायला आई पुरते. तो दिवस येतो ऐन पावसाळ्यात, आषाढ-श्रावणाच्या सुमारास. भाजी दुर्मिळ असते, आणि उन्हाळ्यापूर्वी निघालेले वाल मडक्यात साठवलेले असतात. ग्रंथ बुडाला तेव्हा पंचांग स्वयंपाकघरात जाऊन राहिले. वर्षामागून वर्षे ते बायकांनी चालवले, आणि त्यांतल्या एकीचेही नाव इतिहासात लिहिलेले नाही.

दुसरी सोय चंद्राची. यहुद्यांचे महिने आपल्यासारखेच चांद्र. बारा चांद्रमासांचे दिवस सुमारे 354, म्हणजे सौरवर्षाहून अकरांनी कमी. हा तुटवडा भरून काढण्यासाठी आपण जसा अधिक मास धरतो, तसे तेही एक महिना जादा धरतात. एकोणीस वर्षांत सात वेळा. त्यामुळे दोन्हीकडचे सण आपापला ऋतू सोडीत नाहीत, आणि बहुधा एकमेकांच्या आगेमागेच येतात. पूरिम येते फाल्गुनी पौर्णिमेच्या अंगाने, पेसाह चैत्री पौर्णिमेच्या, आणि नव्याचा सण घटस्थापनेच्या आसपास. अधिक मास दोघांचे एकाच वर्षी पडले नाहीत तर महिन्याचा फरक होतो, एवढेच. जवळ पंचांग नसलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या होळीवरून आपले पूरिम धरता येत असले पाहिजे. 'होळीचा सण' हे नाव शेजाऱ्याची नक्कल म्हणून पडले नसून शेजाऱ्याच्या आकाशावरून पडले असावे, असे आम्हांस वाटते.

परंतु आकाशातला चंद्र एक असला तरी ढग एक नव्हते. यहुद्यांचे पंचांग पश्चिम आशियातल्या त्या एका प्रदेशाच्या पीकपाण्यावर बेतलेले आहे. तिकडे पाऊस पडतो हिवाळ्यात; आश्विनाच्या पुढे सुरू होतो आणि चैत्राच्या सुमारास संपतो. म्हणून मांडवाच्या सणाच्या, म्हणजे 'सुक्कोथ'च्या, अखेरीस पावसासाठी प्रार्थना करण्याची रीत आहे. आता ठाण्याचा विचार करा. येथे मृगापासून हस्तापर्यंत सुमारे अडीच हजार मिलीमीटर पाऊस कोसळून गेलेला असतो, खाडी तुडुंब असते, भात पिवळे पडू लागते, आता एक सर आली तरी नुकसान, अशी स्थिती असते. आणि नेमकी त्याच वेळी ठाण्याच्या मंदिरात पावसाची प्रार्थना म्हणावयाची! भाताची कापणी तोंडावर आलेला शेजारी काय म्हणाला असेल, कोण जाणे. तरी त्यांनी प्रार्थना सोडली नाही. ती ठाण्यासाठी नव्हतीच. कधी न पाहिलेल्या एका भूमीच्या शेतांसाठी होती. मांडवावर मात्र नारळाच्या झावळ्याच चढत.

हे ओझे नव्हते काय? होते. प्रत्येक परदेशस्थ कुटुंबाला ते वाहावे लागते. अमेरिकेत संक्रांतीला तीळगूळ वाटताना बाहेर गुडघाभर बर्फ असतो, आणि 'उत्तरायण सुरू झाले, ऊन वाढेल' असे मुलांना सांगावे लागते. ऑस्ट्रेलियात दिवाळी येते ती थंडीत नव्हे, उन्हाळ्याच्या तोंडावर. सण एका ऋतूचा आणि घर दुसऱ्या ऋतूत, अशी ही ओढाताण आहे. ती मोडून काढता येत नाही; तिच्यात राहावे लागते.

अठराव्या शतकापासून बेने इस्रायल घाणा सोडू लागले. इंग्रजांच्या पलटणीत ते शिरले आणि मोठ्या हुद्द्यांपर्यंत चढले. त्यांच्यापैकी सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 साली मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. पुढे आगगाडी आली: 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्यापर्यंत, आणि 1854 साली कल्याणपर्यंत. आगगाडी, टपाल, कचेऱ्या, इस्पितळे यांतून बेने इस्रायल कारकून, मिस्त्री, परिचारिका, शिक्षिका म्हणून दिसू लागले, आणि मुंबईपेक्षा मोकळे म्हणून ठाण्यात त्यांची वस्ती वाढली. 1880 च्या सुमारास त्यांच्यात मराठी कीर्तने सुरू झाली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी-दिंडीत गाइली जाऊ लागली.

प्रगती झाली, पण हजेरीपट आता दुसऱ्याच्या हाती गेला. कचेरीची सुट्टी रविवारची. आगगाडीला तर वारच नाही. ज्या समाजाला शनिवारवरून नाव पडले, त्या समाजातल्या कितीतरी नोकरदारांना शनिवारी कामावर जावे लागू लागले. घाण्यावर ज्यांनी एकही शनिवार सोडला नाही, त्यांच्या नातवंडांना तो टेबलावर सोडावा लागला. मग निदान मोठे दिवस तरी राखावे, अशी खटपट सुरू झाली: नव्याच्या सणाला रजा, दारफाळणीला रजा. नव्याच्या सणाचा चिकाचा हलवा ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे की गहू तीन दिवस भिजत घालून चीक काढावा लागतो, आणि नारळाच्या दुधात तो तासन्‌तास घोटावा लागतो. रजेवाचून हे होत नाही.

या ठिकाणी आमच्या कामातला एक प्रसंग सांगतो. वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात करार चालू होता. सणाच्या भरपगारी सुट्ट्यांची यादी करावयाची होती. आपल्याकडे रीत अशी आहे की 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर हे चार दिवस ठरलेले, आणि बाकीचे सण उभयपक्षी ठरवावयाचे. दुकाने व आस्थापना यांच्यासाठी 2017 साली जो कायदा झाला, त्यातही असेच आहे: ते चार आणि आपसांत ठरतील ते दुसरे चार, मिळून आठ. यादी बहुमताने होते. गणपती आला, दसरा आला, दिवाळी आली, ईदही आली. खात्यात एक बेने इस्रायल फिटर होता. तो दरसाल एका दिवसाचा खाडा करी आणि पगार कापून घेई. त्या दिवशी तो उपाशी असे, हे पुष्कळांना ठाऊकही नव्हते. त्याचे म्हणणे एवढेच की माझे मत एक, त्यामुळे माझा सण यादीत कधीच येणार नाही. व्यवस्थापनाचे उत्तर होते की एका माणसासाठी कारखाना बंद ठेवता येत नाही. आम्ही म्हटले, कारखाना बंद ठेवू नका. ज्याचा सण यादीत नाही त्याला स्वतःच्या पसंतीचा एक दिवस द्या. तीन बैठका झाल्या आणि कलम बसले. पहिल्या वर्षी तो दिवस त्याने भरपगारी घेतला. पुढच्या वर्षी तो सहकुटुंब अश्दोदला निघून गेला. ते कलम मात्र राहिले, आणि आपल्या गावच्या जत्रेसाठी त्याचा उपयोग इतरांनीच अधिक केला.

1948 साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर बेने इस्रायल तिकडे जाऊ लागले. भारतात त्यांची संख्या तेव्हा वीस हजारांच्या आसपास होती. आज साऱ्या भारतातले यहुदी पाच हजारांच्या आत असतील, आणि इस्रायलमधले बेने इस्रायल पन्नास हजारांहून अधिक असावेत असा अंदाज आहे. बेरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद ही त्यांची गावे. जाताना त्यांची समजूत अशी की आता परमुलूख संपला. ज्या भूमीसाठी पावसाची प्रार्थना केली, त्याच भूमीत आपण आलो. आणि काही बाबतीत ते खरे होते. शनिवार तेथे राष्ट्राचीच सुट्टी आहे. दारफाळणीच्या दिवशी तेथे रस्ते ओस पडतात. रजेचा अर्ज करावा लागत नाही. आणि ती पावसाची प्रार्थना तेथे नेमकी वेळेवर येते. बेरशेबाला वर्षाकाठी पाऊस जेमतेम दोनशे मिलीमीटर, तो येणारच असेल तर त्यानंतर येतो.

पण दिवस मिळाला आणि मान मिळाला नाही. कामे हलकी मिळाली, वागणूक रंगावरून मिळाली, अशी त्यांची तक्रार होती. 1951 च्या अखेरीस बेरशेबाच्या बेने इस्रायलांनी तेल अवीवला ज्यूइश एजन्सीच्या दारात बैठा संप केला. 'आम्हांला भारतात परत पाठवा' ही त्यांची मागणी होती. 1952 साली त्यांपैकी शंभरावर माणसे परत आली. पुढे त्यांतली पुष्कळ पुन्हा तिकडे गेली. त्याहून मोठा लढा विवाहाचा. 1962 साली तिकडच्या मुख्य धर्मपीठाने आज्ञा काढली की बेने इस्रायलाचे लग्न इतर यहुद्यांशी लावण्यापूर्वी त्याच्या पिढ्यांची चौकशी करावी. शतकानुशतके घाणा बंद ठेवणाऱ्या माणसाला विचारण्यात आले की तू यहुदी कशावरून? बेने इस्रायलांनी 1964 साली जेरुसलेमला ठाण मांडले. त्या वर्षीच्या ऑगस्टात तेथील लोकसभेने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी आहेत, आणि धर्मपीठाला आपल्या आज्ञेतला त्यांचा उल्लेख काढावा लागला. जमिनीवर बसून, हात न उगारता, मागणी मान्य होईपर्यंत न उठणे ही विद्या ते कोठून शिकून गेले होते, हे ठाण्यात सांगावयास नको.

आणि मग एक निराळीच गोष्ट घडली. जे सण दोन्हीकडे समान होते, ते तिकडे राष्ट्राचे झाले. जो विधी केवळ कोकणचा होता, तो यांचा राहिला. तो विधी म्हणजे मलिदा. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळे. आणि एलियाहू हन्नबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने प्रार्थना. लग्नापूर्वी, नवस फेडताना, घरात काही शुभ घडले म्हणजे मलिदा करतात. अलिबागजवळ खंडाळे येथे एका खडकावर एलियाहूंच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा आहे, आणि तेथे मलिदा होतो. तो विशेषेकरून होतो झाडांच्या नववर्षाला, जे माघाच्या सुमाराच्या पौर्णिमेला येते. त्या वेळी कोकणात आंब्याला मोहोर असतो आणि शेतात वालाच्या शेंगा भरलेल्या असतात.

इस्रायलमध्ये खंडाळे नाही. पण हैफा शहरात डोंगराच्या कुशीत एलियाची गुहा आहे, आणि तिकडचे बेने इस्रायल त्याच पौर्णिमेला मलिदा घेऊन त्या गुहेकडे जाऊ लागले. ज्या भूमीत एलिया प्रेषित होऊन गेला, त्या भूमीत त्याला पोहे-नारळाचा नैवेद्य कोकणाने नेऊन दिला! कोकणात असताना त्यांनी जेरुसलेम धरून ठेवले, आणि जेरुसलेमला गेल्यावर कोकण धरून ठेवले. 1980 च्या दशकापासून तिकडे 'मायबोली' या नावाचे मराठी त्रैमासिकही निघू लागले. आपण कोण, हे माणसाला आपल्या घरी फारसे विचारावे लागत नाही. परमुलखात ते सणाच्या दिवशी ताटावर वाढून ठेवावे लागते.

हाच नियम इतरत्रही लागू पडतो का, हे पडताळून पाहू. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, आणि 1949 साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्यांचा चेटीचंड आपल्या पाडव्याला लागून येतो. झुलेलाल हा सिंधू नदीचा देव. सिंधू परराष्ट्रात राहिली. तेव्हा जे पाणी जवळ होते त्यातच त्यांनी देवाचे दिवे सोडले. आणि दिवस? बाजार त्यांचा स्वतःचा असल्यामुळे दुकान बंद ठेवणे त्यांच्या हाती होते. शनवार तेल्याच्या घाण्याचीच ही गोष्ट.

मॉरिशसची गोष्ट मात्र गिरणी कामगारासारखी आहे. 1834 नंतर मुंबई बंदरातून मराठी मजूर करारावर त्या बेटात उसाच्या मळ्यांवर गेले. तेथे 'दुहेरी काट' म्हणून एक प्रकार होता: एका दिवसाचा खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्यात भाद्रपद तिकडे येतो हिवाळ्याच्या अखेरीस, ऐन ऊसतोडीत. म्हणजे गणपती पुजावयाचा तर कामाच्या सगळ्यात कडक दिवसांत पुजावयाचा, आणि एकाचे दोन भरावयाचे. विसाव्या शतकाच्या आरंभी ही काट रद्द झाली. तत्पूर्वीच, 1896 साली, हेन्रिएटा गावी तिकडचा पहिला गणेशोत्सव झाला असे मानले जाते. आज त्या देशात मराठी माणसे लोकसंख्येच्या शंभरांत दोनही नाहीत, आणि तरीही गणेशचतुर्थीला साऱ्या देशास सार्वजनिक सुट्टी असते. ज्या दिवसासाठी दोन दिवसांची मजुरी जात होती, त्या दिवशी आज साखर कारखान्याच्या साहेबालाही सुट्टी असते.

तेव्हा आता डोंबिवलीच्या त्या शनिवारच्या गणपतीकडे पाहावे. त्याची हळहळ आम्ही समजू शकतो. पण त्याला नावे ठेवावीत असे आम्हांस वाटत नाही. परमुलखातल्या पहिल्या पिढीला जो वार मिळतो तो घेऊनच सण उभा करावा लागतो. मूळ तिथी हवी असेल तर ती नुसत्या हळहळीने मिळणार नाही. आपल्या मुलांनी त्या देशात एकत्र येऊन ती मागावी लागेल, आणि मागताना दुसऱ्याच्या तिथीलाही पाठिंबा द्यावा लागेल. एकट्याच्या सणाला कोणी सुट्टी देत नाही.

आणि तिकडचे जे असेल ते असो; इकडचे आपल्या हाती आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही गावे आज परमुलखातून आलेल्यांनीच भरली आहेत. बिहारची छठ आहे, केरळचा ओणम आहे, पूर्वेकडचे बिहू आहे. आपल्या कचेरीत, कारखान्यात, शाळेत असा एखादा माणूस असेल ज्याचा सण यादीत नाही आणि जो त्या दिवशी मुकाट्याने खाडा भरतो. आपण आपल्या मुलांसाठी परदेशात जे मागतो, ते या माणसाला येथे द्यावे लागेल. पुढच्या करारात यादी करावयास बसाल तेव्हा त्याला बोलावून एवढे विचारा: "तुझा दिवस कोणता?"